कुंडीतील फुलणारा निवडुंग : पावसाळ्यात जपावा, थंडीत उपाशी ठेवावा

निवडुंग म्हटला की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे बांधावरचे काटेरी कुंपण उभे राहते. जेथे दुसरे काही उगवत नाही तेथे तो उगवतो, गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, दुष्काळातही तो मरत नाही, असा त्याचा लौकिक आहे. या लौकिकावर विसंबून घरी आणलेला कुंडीतला लहान निवडुंग मात्र पुष्कळदा पहिल्याच आषाढात बुंध्याशी पिवळा पडतो, बोट लावताच आत दबतो आणि चार दिवसांत त्याचा चिखल होतो. घरच्या हौसेपुरते एक झाड असेल तर हळहळ वाटून विषय संपतो. परंतु विक्रीसाठी शे-दोनशे रोपे आणणाऱ्या महिला बचत गटाचे किंवा लहान रोपवाटिकेचे असे झाले, तर एका पावसाळ्यात भांडवल वाहून जाते. यात दोष झाडाचा नसतो. हे झाड तहानेने क्वचितच मरते; ते मरते पाण्याने. एवढी एक गोष्ट ध्यानात घेऊन वर्षाचे वेळापत्रक आखले, तर तेच झाड माघ-फाल्गुनात डोक्याभोवती फुलांचे कडे धारण करते.

प्रथम ओळख पटवून घेणे आवश्यक आहे, कारण मराठीत ‘निवडुंग’ हे नाव दोन अगदी भिन्न कुळांतील झाडांना सरसकट दिले जाते. त्रिधारी निवडुंग, वई निवडुंग व शेर ही एरंडाच्या कुळातील झाडे होत. फड्या निवडुंग हा खरा निवडुंग. तो मूळचा अमेरिका खंडातला असून माणसाने येथे आणलेला आहे. एखाददुसरा अपवाद सोडला तर खऱ्या निवडुंगांचे सारे कुळच अमेरिका खंडातले आहे. ‘चीक निघाला म्हणजे शेराच्या जातीचा’ ही कसोटी गावोगाव सांगितली जाते, परंतु ती पुरेशी नाही. लहान निवडुंगांच्या काही जातींतही दुधासारखा चीक असतो. खरी खूण काट्याच्या मुळाशी पाहावी. खऱ्या निवडुंगाचे काटे लोकरीच्या किंवा मखमलीच्या एका बारीक गादीतून झुपक्याने निघतात. एरंड कुळातील झाडांना अशी गादी नसते. खरेदीच्या वेळी ही खूण पाहण्याची सवय ठेवावी, कारण शेराच्या कुळातील झाडांचा चीक डोळ्यांत गेल्यास तीव्र इजा होते आणि अशी झाडे मुलांच्या हाताशी ठेवणे योग्य नव्हे.

कुंडीत लावण्याजोग्या लहान निवडुंगांत ‘मॅमिलारिया’ या वर्गातील जाती नवशिक्याला सर्वांत सोयीच्या होत. या वर्गात सुमारे दीडशे जाती असून बहुतेक मेक्सिकोतील आहेत. काही संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागात, काही कॅरिबियन बेटांवर व काही दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर आढळतात. या झाडांच्या अंगावर फड्या निवडुंगासारखी पाती नसतात किंवा सलग धारा नसतात. सर्वांगावर फेऱ्याफेऱ्यांनी लहान उंचवटे असतात आणि प्रत्येक उंचवट्याच्या टोकावर काट्यांचा झुपका असतो. लॅटिन भाषेत स्तनाग्राला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडले. लिनियसने १७५३ साली यातील एका जातीची नोंद केली होती. हॉवर्थ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१२ साली हा वर्ग स्वतंत्र मानला. फूल उंचवट्याच्या टोकावर न येता दोन उंचवट्यांच्या मधल्या खाचेतून येते, आणि तीही बहुधा मागील हंगामात वाढलेल्या भागातील खाच असते. त्यामुळे फुले अगदी शेंड्यावर न उमलता शेंड्याच्या थोडी खाली, कंकणासारखी गोलाकार उमलतात. लागवडीच्या दृष्टीने यात एक मर्म आहे. यंदा झाड जेवढे वाढेल तेवढीच पुढच्या हंगामाची फुलांची जागा तयार होईल. वाढीच्या दिवसांत उपाशी ठेवलेले झाड जगते खरे, परंतु फुलत नाही. आणि विश्रांतीच्या दिवसांत पाणी पाजलेले झाड फुगते, परंतु तेही फुलत नाही.

कुंडी आणि माती

कुंडी मातीची, न रंगवलेली असावी. तैलरंगाने रंगवलेली कुंडी दिसते चांगली, पण तिच्या अंगातील छिद्रे बुजतात आणि मातीच्या कुंडीचा मुख्य गुण नाहीसा होतो. झाडाच्या घेरापेक्षा कुंडी बोटभर मोठी असली म्हणजे पुरे. लहान झाडाला मोठी कुंडी देणे ही माया नव्हे. मुळे पोहोचत नाहीत तेथील माती ओली राहते आणि कुज तेथूनच सुरू होते. तळाला भोक असलेच पाहिजे. त्यावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा.

काळी माती यात मुळीच घालू नये. कपाशीला व ज्वारीला जी जमीन ओल धरून ठेवते म्हणून मोलाची, तीच येथे घातक ठरते. ती फुगते, चिकटते आणि मुळांना हवा मिळू देत नाही. दोन घमेली धुतलेली जाड वाळू किंवा ओढ्याची बारीक रेव, एक घमेले विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, एक घमेले पूर्ण कुजलेले व चाळलेले पालापाचोळ्याचे खत आणि ओंजळभर कोळशाची चुरी, हे मिश्रण बहुतेक ठिकाणी चालते. समुद्राकाठची वाळू क्षारामुळे वर्ज्य समजावी. ताजे शेणखत घालू नये. दख्खनच्या पठारावर चांगला मुरूम हाताशी असतो. तो चाळून धूळ काढून टाकली तर वाळूचे व विटांचे काम तो एकटा करू शकतो. मात्र काही ठिकाणच्या मुरमात चुनखडी फार असते. त्यावर लिंबाचा रस पिळून पाहावा. फसफसला तर दुसरीकडचा मुरूम आणावा. तयार मिश्रण मुठीत ओले करून दाबावे. मूठ उघडताच ते विस्कटले पाहिजे. त्याचा लाडू वळला तर आणखी रेव घालावी.

मोठ्या रोपवाटिकांतून येणारी रोपे बहुधा नारळाच्या काथ्याच्या भुश्यात, प्लॅस्टिकच्या चिमुकल्या कुंड्यांतून येतात. तेथील छपराखाली मोजून पाणी दिले जाते तोवर हा भुसा ठीक असतो. घरी आल्यावर तो एक तर ओला राहून राहून मुळे कुजवतो किंवा एकदा पार सुकला म्हणजे वरून ओतलेले पाणी आत घेत नाही. यास्तव पावसाळ्याचे दिवस नसतील तर रोप आणल्यावर आठवड्याच्या आत भुसा हलक्या हाताने झाडून नव्या मिश्रणात लावावे. काट्यांपासून बचाव करण्यासाठी वर्तमानपत्राच्या जाड घडीची पट्टी झाडाभोवती गुंडाळून तिच्या दोन टोकांनी झाड उचलावे. लावल्यानंतर आठ दिवस पाणी देऊ नये. हाताळताना तुटलेल्या मुळांच्या जखमा कोरड्या पडण्यास तेवढा अवधी लागतो. बुंध्याभोवती अर्धा इंच रेव पसरली म्हणजे मान कोरडी राहते.

वर्षाचे पाणी

निवडुंग इतर पिकांप्रमाणे दिवसा श्वास घेत नाही, हे ठाऊक असले तर त्याचे वेळापत्रक आपोआप उलगडते. ज्वारी, भाजीपाला वा आंबा यांच्या पानांवरील रंध्रे दिवसा उघडतात. निवडुंग आपली रंध्रे रात्री उघडतो, हवेतील कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवतो आणि दिवसा दारे बंद करून त्यापासून अन्न बनवतो. त्यामुळे त्याचे पाणी फार थोडे उडते. परंतु त्याच्या वाढीसाठी रात्र बऱ्यापैकी गार असावी लागते. विदर्भ-मराठवाड्यात वैशाखाच्या रात्रीही तापलेल्या असतात, तेव्हा हे झाड वाढ थांबवून स्वस्थ बसते. ते किंचित आक्रसते. माणसाला वाटते, तहानले. आणि मग सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू होते. न वाढणाऱ्या झाडाच्या गरम, ओल्या मातीत बुरशी मात्र जोमाने वाढते. उन्हाळ्यात कुंडी संपूर्ण सुकल्यावर दहा-पंधरा दिवसांनी सायंकाळी बेताचे पाणी पुरते.

खरी कसोटी मृगापासून हस्तापर्यंत. भर पावसाच्या प्रदेशात तर झाड उघड्यावर ठेवूच नये. कमी पावसाच्या तालुक्यांतही आठ-आठ दिवसांची झड लागते व तेवढी पुरेशी असते. पाऊस सुरू होण्यापूर्वी, रोहिणी नक्षत्रातच, छप्पर तयार ठेवावे. पारदर्शक पत्रा किंवा हरितगृहासाठी मिळणारा २०० मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा कागद बांबूच्या सांगाड्यावर ताणला तरी चालते. छप्पर उतरते असावे, पश्चिमेकडील व नैर्ऋत्येकडील वळचण लांब असावी, आणि बाजू उघड्या ठेवाव्यात. पाऊस नको, पण वारा हवाच. चारी बाजूंनी बंद केलेल्या छपरात दमट हवा कोंडून जे व्हायचे ते होतेच. कुंड्या जमिनीवर ठेवू नयेत. विटांवर फळी टाकून गुडघाभर उंचीवर मांडल्या म्हणजे खालून ओल चढत नाही, चिखल उडत नाही, आणि एका नजरेत सगळ्या झाडांचे बुंधे दिसतात.

या चार महिन्यांत पाणी देण्यापूर्वी दरवेळी पारख करावी. कुंडीच्या कडेने एक बारीक काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढावी. काडीला ओल किंवा माती चिकटली असेल तर पाणी देऊ नये. सरावाने कुंडी उचलताच वजनावरून कळू लागते. झाड कोरडे असेल तरच, दोन-तीन आठवड्यांतून एकदा, ऊन पडलेल्या दिवशी सकाळी मातीवर पाणी घालावे. डोक्यावर कधीही ओतू नये. पाऊस झडीचा असेल तर तेही टाळावे. महिनाभर पाणी न मिळाल्याने हे झाड मरत नाही, याविषयी नि:शंक असावे. पावसाळ्यात कामाला येणारी एकच गोष्ट साठवावी, ती म्हणजे पावसाचे पाणी. पुष्कळ गावांत कूपनलिकेचे पाणी जड असते. त्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो, माती अल्कधर्मी होते आणि झाड हळूहळू खुंटते. पन्हळीखाली ठेवलेले एक झाकणाचे पिंप पुढचे कित्येक महिने या लहान झाडांना पुरते.

घटस्थापनेच्या सुमारास पाऊस ओसरतो आणि रात्री निवू लागतात. हा वाढीचा उत्तम काळ. आता माती सुकली की सात ते दहा दिवसांनी भरपूर, भोकातून बाहेर येईपर्यंत पाणी द्यावे. महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम विद्राव्य मिश्रखत पुरे होते. युरिया देऊ नये. नत्राने झाड फुगून मऊ पडते, क्वचित त्याची कातडी उभी फाटते, आणि अशी जखम जन्मभर दिसते.

मार्गशीर्षापासून पौषाच्या अखेरीपर्यंत झाडाला उपाशी ठेवावे. तीन-चार आठवड्यांतून अर्धा पेला पाणी, तेही झाड फार आक्रसले तर. कोरडी थंडी आणि भरपूर ऊन यांवाचून कळ्या चांगल्या धरत नाहीत. जी माणसे नेमाने रोज तुळशीबरोबर निवडुंगालाही तांब्याभर पाणी घालतात, त्यांचे झाड हिरवेगार असूनही का फुलत नाही याचे उत्तर येथे आहे. संक्रांतीनंतर खाचांतून लोकरीत दडलेले गुलाबी वा पिवळसर ठिपके दिसू लागले की पुन्हा हळूहळू पाणी सुरू करावे. पठारावर हे सहज साधते. कोकणात थंडी बेताची आणि हवा दमट, म्हणून तेथे जातीच निवडून घ्याव्यात. लिनियसने नोंदलेली जात व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावरील व नजीकच्या बेटांवरील आहे, तर ‘प्रोलिफेरा’ ही पिल्लांचे गुच्छ धरणारी जात क्यूबा-हिस्पानिओला बेटांवरही वाढते. उंच डोंगरावरील जातींपेक्षा अशा जाती किनाऱ्यावर अधिक टिकाव धरतात.

उन्हाविषयी थोडे सांगितले म्हणजे पुरे. झाडाला रोज किमान चार-पाच तास ऊन हवे. ते न मिळाल्यास शेंडा निमुळता, फिकट होतो व झाडाचा गोल आकार कायमचा बिघडतो. तथापि छायेत वाढलेले रोप एकदम उन्हात मांडले तर दोन दिवसांत त्याची कातडी पांढरी पडून करपते. दोन-तीन आठवड्यांत थोडे थोडे ऊन वाढवावे. चैत्र-वैशाखात दुपारी सावलीची जाळी असावी.

कीड व कुज

फड्या निवडुंगावर पांढरी कापसासारखी कीड पुष्कळांनी पाहिली असेल. ती चिरडली की बोट लाल होते. तिचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. किरमिजी रंग मिळवण्याच्या आशेने १७९५ साली ब्राझीलहून भारतात आणलेली कीड रंगासाठी निरुपयोगी निघाली, पण तिने एका जातीच्या फड्या निवडुंगाचा फडशा पाडला. पुढे १९२६ साली तिच्याच वर्गातील दुसरी कीड श्रीलंकेहून दक्षिण भारतात आणून, शेतजमिनी व्यापून बसलेल्या दुसऱ्या फड्या निवडुंगांवर मुद्दाम सोडण्यात आली आणि ते रान आटोक्यात आले. कुंडीतील निवडुंगावर येणारा पिठ्या ढेकूण या किडीचा दूरचा नातलग असून तसाच पांढऱ्या कापसात लपतो. येथे त्याचे कौतुक करण्याचे कारण नाही. उंचवट्यांच्या मधल्या खाचांत तो दिसताच काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून, सायंकाळी एकेक ठिपका पुसून काढावा आणि आठ दिवसांनी पुन्हा पाहावे. स्पिरिट विस्तवापासून दूर ठेवावे. वरून निरोगी दिसणारे झाड विनाकारण खुंटले असेल तर कुंडीतून काढून मुळे पाहावीत, कारण या किडीची एक जात मुळांवरच राहते. तशी मुळे धुऊन, किडकी कापून, जुने मिश्रण दूर फेकून द्यावे. शेंड्याजवळ कातडी राखट-तपकिरी, गंजल्यासारखी झाली तर तो लाल कोळ्याचा उपद्रव होय. कोरड्या उन्हाळ्यात तो वाढतो.

कुजीची पहिली खूण रंगात दिसते. हिरवा रंग निस्तेज होतो, बुंधा मऊ लागतो, झाड एका बाजूला कलते. या खुणा दिसेपर्यंत मुळे बहुधा गेलेली असतात, म्हणून औषध ओतून वाट पाहण्यात अर्थ नाही. झाड उपटावे. धारदार, स्वच्छ पात्याने खालून चकत्या कापीत जावे, आणि प्रत्येक चकतीनंतर पाते पुसावे. कापलेल्या पृष्ठभागाच्या मध्यावर एक वर्तुळ दिसते. त्यात तपकिरी वा तांबूस छटा असेपर्यंत आणखी कापावे. पृष्ठभाग एकसारखा स्वच्छ दिसला की त्यावर गंधक किंवा कोळशाची वस्त्रगाळ पूड लावून झाड सावलीत, हवेशीर जागी दोन आठवडे ठेवावे. जखम कातड्यासारखी घट्ट झाल्यावर कोरड्या रेवेवर नुसते टेकवून ठेवावे. मुळे फुटण्यास कित्येक आठवडे लागू शकतात. उन्हाळ्यात वा हिवाळ्याच्या तोंडाशी हा उपाय पुष्कळदा साधतो. भर श्रावणात क्वचितच साधतो, आणि तेव्हा निदान शेजारच्या कुंड्या वाचवण्याकडे लक्ष द्यावे.

विक्रीच्या विचाराने लागवड करणाऱ्यांनी

हे नगदी पीक नव्हे. घराच्या उन्हाळ पडवीत वा छपराखाली, फावल्या वेळात करावयाचा हा जोडधंदा आहे. गिऱ्हाईक शहरातले, आणि तेही हौसेचे. ज्या गावाजवळ असा बाजार नाही तेथील कार्यकर्त्यांनी गटाला यात पडण्याचा सल्ला देऊ नये. आरंभ दहा-वीस झाडांनी करावा व ती एक पावसाळा पार करतात काय हे पाहूनच पुढे जावे.

या बाजारात काही गैरप्रकार चालतात, ते ठाऊक असावेत. निवडुंगाच्या डोक्यावर सुकी रंगीत फुले डिंकाने चिकटवून ‘फुललेला निवडुंग’ म्हणून विकतात. खरे मॅमिलारियाचे फूल खाचेतून निघते आणि थोड्या दिवसांत मिटून सुकते. महिनोन्‌महिने तसेच राहिलेले फूल फूल नव्हे. लाल किंवा पिवळा गोळा हिरव्या दांड्यावर बसवलेला असतो, तो फसवणुकीचा प्रकार नसून कलम आहे, परंतु तो गोळा म्हणजे फूल नव्हे. त्या गोळ्यात हरितद्रव्य नसते म्हणून तो स्वत:च्या बळावर जगू शकत नाही. त्याचा खालचा हिरवा दांडा पुष्कळदा सोलापूर-सांगलीकडील शेतकऱ्यांच्या आता परिचयाच्या झालेल्या ड्रॅगन फळाच्या वेलाचा असतो, आणि तो वेलही निवडुंगच होय. विकताना गिऱ्हाइकाला हे खरे सांगावे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. रानातील निवडुंग उपटून विकण्याचा धंदा जगभर चालतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत निवडुंगांच्या ३१ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे दिसून आले. साइट्स या आंतरराष्ट्रीय करारान्वये जवळजवळ सर्व निवडुंगांच्या परदेश व्यापारावर निर्बंध असून भारत १९७६ पासून त्या करारात सामील आहे. याशिवाय परदेशी रोपे वा बी आणण्यास वनस्पती संगरोधाचे नियम लागू होतात. टपालाने गुपचूप मागवलेले बी नवी कीडही घेऊन येऊ शकते. देशातील रोपवाटिकांत बियांपासून वा पिल्लांपासून वाढवलेली रोपेच घ्यावीत आणि आपली पुढची पिढी घरीच तयार करावी.

पिल्ले काढणे सोपे आहे. बुंध्याजवळचे पिल्लू पिळून अलग करावे, पाच-सात दिवस सावलीत सुकवावे व रेवेवर टेकवावे. बियांच्या बाबतीत एक अडचण नेहमी येते. अनेक जातींत एकाच झाडाचा पराग त्याच झाडाला चालत नाही, आणि एकाच आईची पिल्ले म्हणजे वनस्पतीच्या दृष्टीने तेच झाड. त्यामुळे दहा कुंड्या फुलूनही फळ धरत नाही. यासाठी त्याच जातीचे, पण दुसरीकडून आणलेले झाड शेजारी असावे आणि कोरड्या दुपारी मऊ कुंचल्याने एकाचा पराग दुसऱ्यास लावावा. फळ लगेच दिसत नाही. ते झाडाच्या अंगात दडून राहते आणि काही महिन्यांनी, पुष्कळदा आपण विसरून गेल्यावर, लहानशा लाल मिरचीसारखे एकाएकी बाहेर डोकावते. ते फोडून बी पाण्यात चोळून धुवावे, कागदावर सुकवावे आणि पावसाळा संपल्यावर चाळलेल्या ओल्या मिश्रणावर नुसते भुरभुरावे. मातीने झाकू नये. वर काच किंवा पारदर्शक प्लॅस्टिक ठेवल्यास एक ते तीन आठवड्यांत मोहरीएवढे हिरवे मणी दिसू लागतात. काच थोडी थोडी सरकवून त्यांना हवेची सवय लावावी, एरवी कोंबावर बुरशी चढते. वर्षाअखेर रोप वाटाण्याएवढे होते. तोवर त्याला पहिला पावसाळा छपराखाली काढावा लागलेला असतो, आणि पहिले फूल बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी येते.